माया ठेवलेलं कुडतं

इंदू गेल्याचं कळलं तेव्हा मी मार्केट यार्डात एका मालट्रकवर चढून ताडपत्री ताणत होतो. खिशात फोन वाजला. हातात दोर होता म्हणून घेतला नाही. पुन्हा वाजला. खालून एक हमाल ओरडला, "रंगाकाका, घ्या की फोन! कवाचा बोंबलतोय."

फोन माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा होता. ती दवाखान्यात माझ्या बायकोजवळ, इंदूजवळ बसली होती.

"रंगा, कुठं हायस?"

"ट्रकवर."

"खाली उतर."

"का गं?"

"तू आधी खाली उतर. जमिनीवर उभा राहा, मग सांगते."

मी उतरलो. उतरता उतरताच मला कळलं होतं.

सकाळी मी दवाखान्यातूनच यार्डात गेलो होतो. इंदूला छातीत दुखतं म्हणून ठेवलं होतं आणि उद्या सोडतो म्हणाले होते. मी खुर्ची ओढून बसलो तर तिनंच हाकललं. "ट्रक खोळंबलाय ना? मग जा की. इथं बसून माझा श्वास मोजणार आहात का?" मी दारापर्यंत गेलो तेव्हा पुन्हा हाक मारली. "हेमा आली तर सांगा, कुडतं बेतून ठेवलंय म्हणावं. माया भरपूर ठेवलीय. घरी आले की शिवते."

हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. लोक विचारतात, वहिनी शेवटी काय म्हणाल्या? मी हे सांगतो तर त्यांना वाटतं, म्हातारा खरं काय ते लपवतोय.

आमचं घर बार्शीत, भगवंताच्या देवळापासून दोन गल्ल्या मागं. पुढच्या खोलीत दोन मशिनी. दाराकडची माझी, जाड सुईची. तिच्यावर ताडपत्र्या, मांडवाची छतं, कनाती शिवायच्या. खिडकीकडची इंदूची. ती बायकांचे कपडे शिवायची. एका खोलीत पाठीला पाठ लावून आम्ही इतकी वर्षं काम केलं, पण तिच्या बाजूचं मला काही कळत नव्हतं आणि माझ्या बाजूचं तिला आवडत नव्हतं. "तुमचं कापड म्हणजे कापड नाही, ते दार आहे," म्हणायची. माझ्या कामात कापड ताणलं तरच टिकतं. ढिलं राहिलं की पाणी साचतं, वाऱ्यानं फडफडतं, फाटतं. तिच्याकडं बायका यायच्या आणि ढिलं मागायच्या.

त्या दिवशी माणसं जमली. हेमाही आली. काशीदांची हेमलता, शेजारच्या गल्लीतली, कॉलेजात शिकणारी. ती इंदूजवळ बसली नाही. खिडकीकडच्या मशीनपाशी उभी राहून रडत होती. आक्का म्हणाली, "बघ, पोटच्या लेकीसारखी रडतीय पोर." नंतर हेमानं मला सांगितलं, "काका, खोटं कशाला बोलू, त्यातलं निम्मं रडणं कुडत्यासाठी होतं."

हेमा पखवाज वाजवायची. अजूनही वाजवते. रुंद खांद्यांची पोर, दंड भरलेले, मान आखूड. पखवाजाला असे हात लागतातच, पण बाकी कुणाला ते दिसत नाहीत. तिची आई सिंधूबाई तिला सारखं अंगाबरोबर शिवलेलं घालायला लावायची. गडद रंग, उभ्या रेघा, फिटिंग. म्हणजे पोर बारीक दिसते. आदल्या वर्षी एका सभागृहात हेमा वाजवायला बसली आणि हात वर गेला तसं कुडतं काखेत फाटलं. आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. कुणीतरी म्हणालं, "पखवाज फुटला का पोरगी?" सगळे हसले. ती तशीच वाजवत राहिली, शेवटपर्यंत वाजवलं, आणि घरी येऊन पखवाजाला गवसणी घातली ती काढलीच नाही.

भगवंताच्या उत्सवात तिला वाजवायला बोलावलं तेव्हा ती नको म्हणून सांगायला निघाली होती. वाटेत इंदूनं धरलं. "मी तुला एक कुडतं शिवते. ते घालून बघ. मग नको म्हण." तेव्हा सिंधूबाईही होती. ती म्हणाली, "ताई, फिटिंगचं शिवा हं, नाहीतर पोतं दिसेल." इंदूनं विचारलं, "बारीक दिसायचंय का वाजवायचंय?" सिंधूबाई म्हणाली, "दोन्ही." इंदू म्हणाली, "मग पाटावर बसवून फोटोच काढा तिचा, हलायला नको."

एवढं मला माहीत होतं. पुढचं नव्हतं.

तेराव्यापर्यंत मशीन झाकूनच होती. सुतकात सुईला हात लावायचा नाही, हे आक्कानं पहिल्याच दिवशी बजावलं. तेरावा झाला, दुसऱ्या दिवशी आक्का सोलापूरला गेली. जाताना म्हणाली, "एकटा हायस. हाताला काम ठेव." उत्सवात हेमाचं वाजवणं त्याच्या पुढच्या दिवशी होतं.

आक्काला गाडीत बसवून आलो आणि खिडकीकडच्या मशीनवरचं फडकं काढलं. खालच्या फळीवर एक गाठोडं होतं. वांगी रंगाचं सुती कापड, धुऊन धुऊन मऊ केलेलं. नवीन होतं तरी हाताला जुनं लागत होतं. मी ते जमिनीवर मांडलं. पुढचा नि मागचा असे दोन सरळ पट्टे. चार कळ्या, बाजूंना जोडायचे निमुळते तुकडे. बाह्या दोन, सरळच, पायजम्याच्या पायाएवढ्या रुंद. आणि तळहाताएवढे दोन चौकोनी तुकडे.

बाकीचं थोडंफार समजत होतं. चौकोनी तुकड्यांचं काही केल्या समजेना. खिसे म्हणावेत तर लहान. रुमाल म्हणावेत तर कुडत्याबरोबर कशाला? आम्ही ताडपत्रीच्या कोपऱ्याला, जिथं कडी बसवतो तिथं, असा चौकोन खालून लावतो, म्हणजे दोर ओढला तरी कोपरा फाटत नाही. कुडत्याला कडी कुठं असते? मी ते खिडकीत ठेवून दिले.

दुसरं कोडं रुंदीचं. सगळं मांडून बघितलं तर त्या कुडत्यात हेमा आणि तिची आई दोघी मावल्या असत्या. इंदूच्या हातून कापताना चूक झाली असेल असं वाटेना. तिच्या हातून चूक झालेली मी पाहिली नव्हती. मग तिचं बोलणं आठवलं. माया भरपूर ठेवलीय. तिथं माझं डोकं चाललं. आमच्या धंद्यात माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडायची पट्टी. जितकी माया जास्त तितकी शिवण मजबूत. मला वाटलं, पोरीचं कुडतं फाटलं होतं म्हणून इंदूनं शिवणीत माया ठेवली आहे. मग ती आत घ्यायची, दुहेरी शिवण मारायची, हत्ती ओढला तरी उसवणार नाही.

हेमाला बोलावणं पाठवलं नाही. आधी शिवतो, मग बोलावतो, असं ठरवलं.

इंदूच्या मशीनवर मी कधी बसलो नव्हतो. माझ्या पायाला जाड सुईची सवय. पावटी दाबली तर मशीन पळतच सुटली. कापड सुईखालून असं निघून गेलं की शिवण खिडकीकडं वळली. ती उसवली, पुन्हा घातली. कापड हातात राहत नव्हतं, घसरत होतं. ताडपत्री तुमच्याशी झगडते, हे झगडतही नव्हतं. पण मग हात बसला. मी दोन्ही बाजूंनी चार चार बोटं आत घेतली, दुमडली, दोनदा शिवण मारली. बाह्या लावल्या. दुपार कलली तोवर कुडतं तयार झालं. उचलून धरलं तर दुकानात टांगतात तसं दिसत होतं. मला बरं वाटलं. इंदूनं अर्धं टाकलेलं मी पुरं केलं, असं वाटलं.

हेमा आईबरोबर आली. कणकेचा गोळा वाटीत घेऊनच आली होती, कारण पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावावी लागते. सिंधूबाई म्हणाली, "भावजी, बघा. घरी पोळ्यांना कणीक नाही, हिच्या पखवाजाला आहे."

"आई, थांब जरा," हेमा म्हणाली. तिचं लक्ष कुडत्याकडं होतं. "काका, तुम्ही शिवलंत?"

"बेतलं तिनंच. मी फक्त जोडलं."

ती आतल्या खोलीत गेली, घालून आली. सिंधूबाई उठून उभीच राहिली.

"अगं बाई! किती बारीक दिसतेस! भावजी, तुमच्या हाताला गुण आहे. ताईंना मी हेच सांगत होते, असं अंगाबरोबर शिवा."

मलाही चांगलं वाटलं होतं. पण सिंधूबाई खूश झाली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. इंदूच्या हातचं काही बघून ही बाई कधी खूश झाल्याचं मी ऐकलं नव्हतं.

हेमा कुडत्याचं टोक धरून उभी होती.

"वाजवून बघ," मी म्हटलं.

"इथं?"

"पेटीवर वाजव."

ती जमिनीवर बसली, माझी हत्यारांची पत्र्याची पेटी पुढ्यात आडवी घेतली. हात उचलला, एक थाप मारली. दुसऱ्या थापेला उजवा हात लांब गेला आणि टर्रकन आवाज झाला.

कुणी हसलं नाही. हसायला कुणी नव्हतंच. पण हेमाचा चेहरा असा झाला की भरलेलं सभागृह माझ्या खोलीत आलं.

"राहू दे काका," ती म्हणाली. "मी सांगते त्यांना, नाही जमत म्हणून."

"काखेत दोन टाके मारले की झालं," सिंधूबाई म्हणाली. "हात जरा जवळ ठेवून वाजव की. एवढे कशाला पसरायचे?"

"हात जवळ ठेवून टाळ्या वाजवतात, आई. पखवाज नाही."

"मग नको वाजवूस! मी म्हटलंय का वाजव म्हणून? लोकांनी हसायचं आणि मी ऐकायचं."

दोघी एकमेकींकडं बघेनात. मी त्या फाटलेल्या जागेशी वाकून बघत होतो. कापड फाटलं नव्हतं. दोरा तुटला होता, माझी दुहेरी शिवण. म्हणजे मजबुतीचा प्रश्न नव्हता. मग इंदूनं माया कशासाठी ठेवली?

"हेमा," मी म्हटलं, "तुझं माप किती होतं? इंदूनं काय माप घेतलं होतं?"

"नव्हतं घेतलं."

"असं कसं? मापाशिवाय बेतलं?"

"मी टेप बघून मागं सरले. मावशींनी टेप ठेवून दिली. म्हणाल्या, आकडा तुलाही नको आणि मलाही नको. घरी आल्या आमच्या. पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, वाजव."

"मग?"

"मग काय, गवसणी काढली. वाजवलं. किती महिन्यांनी वाजवत होते. त्या नुसत्या बघत होत्या. एकदा म्हणाल्या, तो मघाचा लांब हात पुन्हा मार. मी मारला. एकदा उठून मागं गेल्या आणि पाठीकडून बघितलं. मला वाटलं, ह्यांना पखवाज आवडतोय. म्हणून मी वाजवतच राहिले."

"शेवटी काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, कळलं. अंग कुठं कुठं जातं ते कळलं. तिथं माया ठेवते."

सिंधूबाई म्हणाली, "मला हे कुणी सांगितलंच नाही." "तू घरी नव्हतीस," हेमा म्हणाली.

मी खाली बसलो. माझी माया आत दुमडायची असते. इंदूची दुमडायची नव्हतीच. ती कापडात आणि अंगात मोकळी सोडायची होती. मी सबंध दुपार बसून तिनं सोडलेली सगळी जागा आत घेतली होती आणि वरून दोनदा शिवली होती.

"काढ ते," मी म्हटलं. "उसवू या."

"आता? उद्या वाजवायचंय."

"कापलेलं नाहीये काही. आमच्यात माया कापत नाहीत, पुढं लागते म्हणून. सगळी आत आहे."

हेमानं कुडतं बदललं आणि आम्ही समोरासमोर बसून उसवायला लागलो. माझी शिवण उसवणं सोपं नव्हतं. हेमा म्हणाली, "काका, हे कुडतं होतं का मांडव?" मी म्हटलं, "मांडव. तुझी आई खाली जेवायला बसणार होती." सिंधूबाईनं थोडा वेळ तोंड वाकडं केलं. मग म्हणाली, "एक ब्लेड इकडं द्या. उजेड आहे तोवर होईल. तुम्ही दोघं नुसत्या गप्पा माराल."

उसवून झाल्यावर मी कळ्या पुन्हा जोडल्या, आता जेमतेम दोरा बसेल एवढीच कड आत घेऊन. बाही लावायला घेतली आणि हात थांबला. बाही सरळ, अंगाचा पट्टा सरळ. दोन सरळ कडा जिथं भेटतात तिथं हात वर केला की सगळा ताण एका टाक्यावर येणार. माया कितीही असो, तिथं पुन्हा तुटणार.

"हेमा, अंगावर धर हे. आणि तो लांब हात कर. तसाच ठेव."

तिनं हात लांब केला. मी काखेपाशी बघितलं. तिथं एक मोकळी जागा पडली होती, चार बाजूंची. मांडवाच्या छतात जिथं बांबू खालून वर येतो तिथं आम्ही असाच तुकडा तिरका बसवतो, नाहीतर पहिल्या वाऱ्याला छत बांबूपाशी फाटतं. मी हे शेकडो वेळा केलं होतं. उठलो, खिडकीतले दोन चौकोन आणले आणि एक त्या जागेवर टोकावर उभा धरला. तो अगदी बसला. जराही कमी नाही, जराही जास्त नाही.

"अगं बाई," सिंधूबाई म्हणाली. "आमच्या आज्याच्या पैरणीला असायचं हे. मी विसरलेच होते."

"हात खाली आणू का?" हेमानं विचारलं.

"आण. दुखला का?"

"नाही. दुसरा करू?"

तिला हसू येत होतं.

कुडतं पुरं झालं तेव्हा उचलून धरल्यावर खरंच पोत्यासारखं दिसलं. सिंधूबाईच्या मनात काय आलं ते मला कळलं. माझ्याही मनात तेच आलं होतं. हेमानं ते घातलं आणि पोतं राहिलं नाही. खांद्यावरून कापड सरळ खाली पडलं आणि कुठंच अडलं नाही. ती बारीक दिसत नव्हती. जाडही दिसत नव्हती. हेमा दिसत होती. तिनं पेटी पुढ्यात ओढली आणि वाजवायला लागली. एवढी की शेजारचे दारात आले. तेराव्यानंतर ह्या घरातून पत्रा का वाजतोय म्हणून.

खालची दुमड तेवढी राहिली होती. इंदू ती हातानं घालायची, तुरपाई करायची, बाहेरून एक टाका दिसायचा नाही. मला ती येत नाही. सिंधूबाई म्हणाली, माझे डोळे नाहीत आता तेवढे. मी मोठे मोठे धावते टाके मारून दुमड धरून ठेवली. उद्यापुरतं होईल, नंतर बघू, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी देवळात गर्दी होती. मी मागं खांबापाशी बसलो, सिंधूबाई शेजारी. हेमा आली, पखवाज मांडीवर घेतला, कणीक चापून लावली आणि सुरुवात केली. आधी सावकाश. मग तो लांब हात आला. सिंधूबाईनं माझं मनगट धरलं. हात गेला, परत आला. पुन्हा गेला. कापड त्याच्याबरोबर जात होतं आणि परत येत होतं. पुढं मी मोजायचं सोडलं.

बऱ्याच वेळानं सिंधूबाई माझ्याकडं न बघता म्हणाली, "भावजी, खरं सांगा. जाड दिसते का हो ती?"

"मला हात दिसतायत नुसते."

तिनं माझं मनगट सोडलं. मग म्हणाली, "मलाबी."

बाहेर पडताना लोक बोलत होते ते सगळं वाजवण्याबद्दल होतं. कपड्याबद्दल कुणी काही म्हणालं नाही. हेमा धावत आली, घामानं भिजलेली, आणि माझ्या पाया पडली. मी म्हटलं, "माझ्या कशाला पडतेस?" ती म्हणाली, "मग कुणाच्या पडू?"

त्याला आता बरीच वर्षं झाली. हेमा पुण्यात शिकवते, तिच्या हाताखाली पोरं तयार होतात. तिच्याकडं आता असली पाच-सहा कुडती आहेत. तिथल्या एका शिंप्याला हे कुडतं उलटं करून दाखवलं आणि त्यावरून बेतून घेतली. वांगी रंगाचं आता विटलंय, तरी मोठ्या कार्यक्रमाला तेच घालते. बार्शीला आली की मी दरवेळी म्हणतो, आण ते, कुणाकडून तरी तुरपाई करून घेऊ. ती म्हणते, आणते. मग आणत नाही. आणलं असतं तरी कुणाला द्यावं ते मला ठरवता आलेलं नाही. माझे धावते टाके दोन-तीनदा सुटले, तिनं तसेच पुन्हा मारले.

खालची तुरपाई अजून राहिली आहे.